शीड किती उभारावे?

नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून गलबते पाण्यात लोटण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. होडीला यंत्रे बसण्यापूर्वीच्या काळात गलबत चालविणाऱ्या तांडेलाची खरी पारख कशात होत असे? वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे तर वाळूत खेळणारे पोरही सांगू शके. त्या वाऱ्याला आपले किती शीड द्यावयाचे, हे मात्र तांडेलालाच ठरवावे लागे. मंद वाऱ्यात शीड पूर्ण उभारावयाचे आणि वारा खवळला की ते आखडून घ्यावयाचे, एवढे ज्याला उमगले त्याचे गलबत घरी येई. ज्याला ते उमगले नाही त्याला दिशेचे अचूक ज्ञान असूनही उपयोग होत नसे. योग्य दिशेला जात असतानाच त्याचे तारू उलटे. आज हे जुने शहाणपण आठवण्याचे कारण दर्यावरचे नाही. ते बाजारातले आहे, आणि तो बाजार आता आपल्या घराच्या ओटीवर, तरुण मुलांच्या हातातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे.

शेअरबाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्स या वायद्याच्या व्यवहारांबाबत 'सेबी'ने २०२४ च्या सप्टेंबर महिन्यात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत असे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेला, असे त्यात नमूद आहे. पुढील वर्षाची, म्हणजे २०२४-२५ ची, आकडेवारी २०२५ च्या जुलैत आली. तीत तोटा झालेल्यांचे प्रमाण ९१ टक्के असून तोट्याची रक्कम १ लाख ५ हजार कोटींहून अधिक आहे. यापेक्षाही आम्हांस अस्वस्थ करणाऱ्या बाबी २०२४ च्या अभ्यासातच आहेत. हे सौदे करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याचे सांगितले होते. आणि ज्यांनी तोटा सोसला त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक लागोपाठच्या वर्षी तोटा होऊनही पुन्हा त्याच पटावर जाऊन बसले.

या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण ते खरे नाही. पणजी, मडगाव, म्हापशापासून बेळगाव-इंदूरपर्यंत आपल्या मराठी घरांतील जी मुले या नादाला लागली आहेत, त्यांत पदवीधर आहेत, अभियंते आहेत, जहाजावरून सुट्टीवर आलेले खलाशी आहेत. ती पुस्तके वाचतात, आलेख पाहतात, पैसे मोजून वर्ग लावतात. त्या वर्गांत दोन प्रश्नांची उत्तरे त्यांना शिकविली जातात: काय घ्यावे, आणि केव्हा घ्यावे. तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, आणि आमच्या मते माणूस तरतो की बुडतो हे त्या तिसऱ्या प्रश्नावरच ठरते. तो प्रश्न म्हणजे, किती घ्यावे?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी बाजारातील एका जुन्या, प्रतिष्ठित आणि आमच्या समजुतीप्रमाणे पुष्कळशा प्रामाणिक पद्धतीचे उदाहरण घेऊ. तिला कलामागे जाण्याची पद्धत म्हणता येईल. उद्या भाव कोठे जाईल याचे भाकीत ती करीत नाही. भाव गेल्या कित्येक दिवसांतील उच्चांकाच्या वर गेला की खरेदी करावयाची. नीचांकाच्या खाली गेला की विक्री करावयाची. अंदाज चुकल्याचे दिसताच थोडक्या तोट्यात बाहेर पडावयाचे. आणि अंदाज खरा ठरला तर कल संपेपर्यंत बसून राहावयाचे, एवढेच तिचे सार. या पद्धतीत शंभरातील साठ सौदे तोट्यात जाणे ही नित्याची गोष्ट असते. उरलेल्या चाळिसांतील काही थोडे सौदे एवढे देऊन जातात की सगळे तोटे भरून वर शिल्लक राहते. म्हणजे ही पद्धत स्वीकारणाऱ्याने बहुतेक दिवस हरण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. हरण्याच्या त्या दिवसांत त्याच्या गाठीचे भांडवल शाबूत राहिले, तरच सुगीचा दिवस त्याच्या वाट्यास येणार.

आता यात उसन्या बळाची भर पडते. वायद्याच्या सौद्यात मालाची पूर्ण किंमत मोजावी लागत नाही. तिचा एक हिस्सा मार्जिन म्हणून दलालाकडे ठेवला की झाले. निर्देशांकाच्या फ्युचर्सच्या सौद्यासाठी हा हिस्सा सामान्यतः एक-अष्टमांशाच्या आसपास असतो आणि बाजार खवळला की तो वाढतो. म्हणजे खिशात दोन लाख असलेला मनुष्य पंधरा लाखांच्या मालाचा धनी होतो. नफा पंधरा लाखांवर मिळतो, हे त्याला सांगण्यात येते. तोटाही पंधरा लाखांवरच होतो, हे त्याला नंतर कळते. मार्जिन ही बाजाराने स्वतःच्या संरक्षणासाठी ठरविलेली किमान रक्कम आहे. तेवढ्या रकमेत सौदा करणे आपल्याला झेपेल, असा तिचा मुळीच अर्थ नाही. परंतु बहुसंख्य लोक नेमका तोच अर्थ घेतात आणि मार्जिन पुरते तेथवर सौदे करीत जातात.

या विषयाचा सर्वांत बोधप्रद प्रयोग अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. रिचर्ड डेनिस हा तेथील धान्यादी वायद्यांतला नामांकित व्यापारी. घरच्यांकडून उसने घेतलेल्या सोळाशे डॉलरांवर त्याने आरंभ केला आणि तरुण वयातच कोट्यवधी डॉलर मिळविले. विल्यम एकहार्ट या त्याच्या गणितज्ञ मित्राचे म्हणणे असे की व्यापारी हा जन्मावाच लागतो. डेनिसचे म्हणणे, तो घडविता येतो. वाद मिटविण्यासाठी १९८३ साली वृत्तपत्रांत जाहिराती देऊन डेनिसने नवखी माणसे निवडली आणि दोन आठवडे त्यांना नियम शिकवून त्यांच्या हाती स्वतःचा पैसा दिला. सिंगापुरात कासवांची पैदास होताना त्याने पाहिली होती. तशीच आपण व्यापाऱ्यांची पैदास करू, असे तो म्हणाला, म्हणून या शिष्यांना 'टर्टल' म्हणजे कासव हे नाव पडले. पुढील चार-पाच वर्षांत त्यांतील अनेकांनी चांगला पैसा मिळविला. त्यांचे नियम कालांतराने उघड झाले. तेव्हा लोकांनी प्रथम काय पाहिले असेल, तर खरेदी केव्हा करावयाची हा नियम. तो अगदीच साधा निघाला: वीस दिवसांचा किंवा पंचावन्न दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी. हे एवढेच का, म्हणून पुष्कळांची निराशाही झाली असेल. खरे गुपित त्याच्या शेजारीच, फारशी कोणाची नजर जात नाही अशा जागी, म्हणजे सौद्याच्या आकारमानाच्या नियमांत होते.

तो नियम असा. प्रथम त्या मालाचा भाव दिवसाकाठी सरासरी किती हलतो हे गेल्या वीस दिवसांवरून काढावयाचे. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून आज बाजार उघडताना पडलेले अंतरही त्यात धरावयाचे. मग एवढाच माल घ्यावयाचा की दिवसाच्या त्या सरासरी हालचालीने आपल्या एकूण भांडवलात एक टक्क्याचाच फरक पडावा. या मापाला ते 'युनिट' म्हणत. खरेदीच्या भावापासून अशा दोन दिवसांच्या हालचालीइतका भाव विरुद्ध गेला की सौदा मोडावयाचा, म्हणजे एका युनिटवरील तोटा भांडवलाच्या दोन टक्क्यांवर थांबावा. यातील मर्म वाचकांनी थोडे थांबून पाहावे. एखाद्या मालाचा भाव दिवसाला एक टक्का हलत असेल, तर या नियमाने आपल्या संपूर्ण भांडवलाइतक्याच किमतीचा सौदा करता येतो, त्याहून अधिक नाही. भाव दिवसाला तीन टक्के हलत असेल, तर भांडवलाच्या एक-तृतीयांशाचाच. अर्धा टक्का हलत असेल, तर मात्र दुपटीचा. वारा जितका खवळलेला, तितके शीड लहान! दर्यावर्दी माणसाला जे अनुभवाने कळले होते तेच शिकागोच्या बाजाराने गणिताने मांडले.

शिवाय या कासवांना आणखी बंधने होती. सौदा फायद्यात जाऊ लागला तरच त्यात भर घालावयाची, आणि एका बाजारात चार युनिटांच्या वर जावयाचे नाही. एकमेकांशी जवळचा संबंध असलेल्या बाजारांत मिळून सहा, दूरचा संबंध असलेल्यांत दहा, आणि एकाच दिशेच्या सर्व सौद्यांत मिळून बारा युनिटे, ही मर्यादा. सोने आणि चांदी ही दोन नावे असली तरी वादळात ती एकाच बाजूला कलतात, याची ही जाणीव होती. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मूळ भांडवल दहा टक्क्यांनी घटले तर ते वीस टक्क्यांनी घटले असे मानूनच पुढील सौद्यांचे माप काढावयाचे. हरणाऱ्याने डाव लहान करावयाचा! आपल्याकडील आजच्या रीतीशी हे ताडून पाहावे. भाव पडला की आणखी घ्यावयाचे आणि त्याला 'ॲव्हरेज करणे' असे भारदस्त नाव द्यावयाचे. सकाळी गेलेले दुपारी काढण्यासाठी दुप्पट लावावयाचे. जत्रेतल्या जुगाराच्या पटावर बसणारा गडीही हेच करतो. फक्त त्याच्याजवळ इंग्रजी शब्द नसतो.

डाव लहान का करावयाचा, हे शुष्क वाटणाऱ्या अंकगणितात दडलेले आहे. शंभराचे नव्वद झाले, तर पुन्हा शंभर होण्यास ११ टक्के नफा पुरतो. शंभराचे पन्नास झाले, तर १०० टक्के नफा लागतो. शंभराचे दहाच उरले, तर ९०० टक्के. उतरण आणि चढण यांची वाट एकच असली तरी श्रम एकसारखे नाहीत. आता शंभरात साठ सौदे हरणाऱ्या आपल्या पद्धतीकडे पुन्हा वळू. असे दोनशे सौदे केले, तर त्यांत केव्हातरी सलग आठ सौदे हरण्याचा संभव चारांत जवळजवळ तीन इतका आहे. म्हणजे ती आपत्ती म्हणता यावयाची नाही. आज ना उद्या दारात येणारा तो पाहुणाच आहे. प्रत्येक सौद्यात भांडवलाचे दोन टक्के पणाला लावणाऱ्याचे या आठ पराभवांत १५ टक्के जातात. तो कण्हतो, पण उभा राहतो. दहा टक्के लावणाऱ्याचे ५७ टक्के जातात. पंचवीस टक्के लावणाऱ्याचे ९० टक्के जातात आणि त्याची कथा तेथेच संपते. पद्धत तिघांची तीच, सौदे तेच, दिवसही तेच.

याहूनही विलक्षण गोष्ट सांगावयाची तर अशी. समजा, दैवाने आपल्याला कोणाच्याही नशिबी नसते अशी उत्तम पद्धत दिली. दहांत चार सौदे जिंकतात, आणि जिंकला की लावलेल्या रकमेच्या तिप्पट नफा होतो. सहा हरतात, आणि हरला की लावलेली रक्कम जाते. दर वेळी हाती असलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा लावावयाचा. एक लाखावर दर वेळी दोन टक्के लावणाऱ्याचे दहा सौद्यांअंती सुमारे १ लाख ११ हजार ८०० होतात. वीस टक्के लावणाऱ्याचे १ लाख ७१ हजार ८०० होतात. यावरून लोभ वाढून जो निम्मी रक्कम लावू लागेल, त्याचे काय होईल? त्याच्या हाती ६१ हजार उरतात! चार विजय त्यालाही मिळाले, तिप्पट नफा त्यालाही मिळाला. आणि तरी तो बुडाला. फायद्याचा खेळ केवळ मापाच्या चुकीने नुकसानीचा होतो, हे सत्य एकदा मनावर बिंबले म्हणजे वर्गांतून विकल्या जाणाऱ्या अचूक इशाऱ्यांचे मोल किती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पणाचा हिस्सा किती असावा, याचे सूत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ जॉन केली याने १९५६ साली मांडले. वर वीस टक्क्यांचा जो आकडा आला तो त्याच सूत्राचा. पुढे एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने प्रथम पत्त्यांच्या खेळात व नंतर बाजारात त्याचा उपयोग केला. पण जाणते लोक या सूत्राने येणाऱ्या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली राहणे पसंत करतात. कारण सूत्रात जिंकण्याचे प्रमाण ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते आणि बाजार ते कोणाला सांगत नाही. आपण चाळीस समजावे आणि निघावे बत्तीस, हेच येथे नित्य घडते. शिवाय वीस टक्के लावणाऱ्यावर ते सलग आठ पराभव आले, तर त्याच्या लाखाचे सतरा हजारही उरत नाहीत. इतके पाहूनही नियम पाळीत शांतपणे नववा सौदा करणारा स्थितप्रज्ञ आम्हांस तरी कोठे भेटलेला नाही.

नियम ठाऊक असणे वेगळे आणि त्यांत स्वतःला बांधून घेणे वेगळे, हेही इतिहास सांगतो. ज्या डेनिसने शिष्यांना हे माप शिकविले, त्याच्याच व्यवस्थापनाखालील सार्वजनिक निधींचे सुमारे निम्मे भांडवल गेले आणि १९८८ साली ते निधी बंद करावे लागले. त्याच्या आधीच्या पिढीतील जेसी लिव्हरमोर हा तर कल ओळखण्यात अद्वितीय मानला गेलेला सटोडिया. १९२९ च्या अमेरिकी बाजाराच्या पडझडीत मंदीचे सौदे करून त्याने अपार पैसा मिळविला. १९३४ साली तो दिवाळखोर ठरला, आणि १९४० साली त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. त्याची दिशा पुष्कळदा बरोबर असे. मापाने त्याचा घात केला.

येथे कोणी म्हणेल की, 'स्टॉप-लॉस' लावला म्हणजे तोटा ठरल्या जागी थांबतोच. मग मापाची एवढी चिंता कशाला? स्टॉप-लॉस अवश्य लावावा. पण ते कुंपण आहे, तट नव्हे. २०२४ च्या जून महिन्यात ३ तारखेस निफ्टीने उच्चांक गाठला होता. कलामागे जाणारा मनुष्य त्या दिवशी नियमाप्रमाणे खरेदी करून बसलेला असणार. दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या निवडणुकीचे निकाल लागले आणि त्या एका दिवसात निर्देशांक जवळजवळ सहा टक्क्यांनी कोसळला. त्याहून भयंकर उदाहरण खनिज तेलाचे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे मुंबईच्या एमसीएक्स बाजाराचे कामकाज सायंकाळी पाच वाजता बंद होत असे. २० एप्रिलला तेथे तेलाचा वायदा पिंपाला ९९५ रुपयांच्या आसपास बंद झाला. त्या रात्री अमेरिकेत भाव शून्याच्या खाली उणे ३७.६३ डॉलरवर गेला, आणि येथील सौद्यांचा निपटारा पिंपाला उणे २,८८४ रुपयांनी झाला. शंभर पिंपांचा एक सौदा घेऊन झोपलेल्या माणसाचा तोटा पावणेचार लाखांहून अधिक. सौद्याची सायंकाळची एकूण किंमत लाखभरच होती! पडत्या कलाच्या विरुद्ध खरेदी करणाऱ्यांची ही गत झाली, हे खरे; पण धडा सर्वांनाच लागू आहे. बाजार बंद असताना स्टॉप-लॉसही झोपलेला असतो. त्या रात्री माणसाला वाचविणारी एकच गोष्ट म्हणजे त्याने आधीच लहान ठेवलेला सौदा.

आता हे सारे माप आपल्या घरच्या काट्यावर घालून पाहू. 'सेबी'ने २०२४ च्या नोव्हेंबरपासून निर्देशांकाच्या वायद्यांचे किमान आकारमान पंधरा लाख रुपये केले. निर्देशांक दिवसाला सरासरी एक टक्का हलतो असे धरू. म्हणजे एका सौद्यावर दिवसाची हालचाल पंधरा हजारांची. दोन दिवसांच्या हालचालीवर सौदा मोडावयाचा, तर एका पराभवाची किंमत तीस हजार. कासवांच्या नियमाने हे तीस हजार भांडवलाचे दोन टक्के असावयास हवेत. म्हणजे किमान भांडवल पंधरा लाख. अधिक सावधपणे एक टक्काच पणाला लावावयाचा तर तीस लाख. आणि प्रत्यक्षात आपला तरुण काय करतो? मार्जिनला पुरतात म्हणून दोन लाख घेऊन तोच सौदा घेतो. त्याच्या दृष्टीने ते तीस हजार म्हणजे भांडवलाचे पंधरा टक्के झाले. पहिल्याच पराभवानंतर त्याच्याजवळ पुढच्या सौद्याचे मार्जिन उरत नाही. मग तो बहिणीकडून, मित्राकडून, क्रेडिट कार्डावरून पैसा आणतो. सातव्या पराभवाला मुळातले दोन लाख संपून वर कर्ज उभे राहते. आठ पराभव तर येणारच आहेत हे आपण वर पाहिलेच. जून २०२४ सारखा एकच दिवस त्याच्या दोन लाखांतील नव्वद हजार घेऊन जाईल. पंधरा लाखवाल्याचेही नव्वद हजारच जातील, पण त्याच्या दृष्टीने ते सहा टक्के. एकाला ठेच लागली, दुसऱ्याचा पाय मोडला.

तेव्हा 'किती घ्यावे' या प्रश्नाचे आमच्या बहुसंख्य वाचकांसाठी गणिताने येणारे उत्तर एकच आहे, आणि ते कटू असले तरी आम्ही लपवून ठेवणार नाही. ते उत्तर शून्य असे आहे. पाच लाखांच्या आतील उत्पन्नातून, घरखर्च भागवून उरलेल्या रकमेत हा सौदा बसत नाही. पद्धत वाईट आहे म्हणून नव्हे, बुद्धी कमी आहे म्हणूनही नव्हे. होडी लहान आणि शीड मोठे, म्हणून.

यावर काही आक्षेप येतील. ऑप्शन विकत घेतला तर तोटा मर्यादित असतो, असे कोणी म्हणेल. दिलेल्या रकमेपुरताच तो मर्यादित असतो, हे मान्य. पण ती सगळी रक्कम जाणे हा तेथे रोजचा प्रकार आहे, आणि दर आठवड्याला भांडवलाचा दहावा हिस्सा अशा 'मर्यादित' तोट्यात घालविणाऱ्याची गत वरच्या गणिताहून वेगळी होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. श्रीमंताला जे मोकळे ते गरिबाला बंद, हा कोणता न्याय? या प्रश्नामागील वेदना आम्ही जाणतो. नोकऱ्या दुर्मिळ, जमिनीचे भाव आकाशाला भिडलेले, परदेशीच्या वाटा पूर्वीसारख्या खुल्या नाहीत. अशा वेळी थोड्या पैशांत झटकन वर जाण्याची एखादी शिडी दिसली तर तरुण तिच्याकडे धावणारच. परंतु त्या शिडीच्या पायऱ्या कोणत्या अंतरावर आहेत, हे त्याला सांगणे हा त्याचा अपमान नव्हे. ज्याला ही विद्या शिकावयाचीच असेल, त्याने आपल्या मापात बसणारे सौदे शोधावेत. एक ग्रॅम सोन्याचा वायदाही बाजारात आहे. उसने बळ मुळीच न घेता शेअर पूर्ण पैसे देऊन घेता येतात. तेथे दोन वर्षे एक टक्क्याचा नियम पाळून दाखवावा, आणि मग पुढचा विचार करावा.

शासन आणि नियामक यांच्याकडेही आमची एक मागणी आहे. दहांपैकी नऊ जणांना तोटा होतो, ही सूचना दलालांनी ग्राहकांस दाखवावी असा नियम २०२३ च्या जुलैपासून आहे. तो स्तुत्य आहे. पण प्रत्येक मनुष्य स्वतःला तो दहावाच समजतो. म्हणून सर्वांचा आकडा दाखविण्याबरोबर त्याचा स्वतःचा आकडा त्याला दाखवावा. सौद्याचे बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर एवढेच उमटावे: हा सौदा तुमच्या भांडवलाच्या इतक्या पट आहे, बाजार दोन दिवसांच्या सरासरी हालचालीइतका उलटला तर तुमचे इतके टक्के जातील. हा हिशेब यंत्राला क्षणाचाही नाही. एवढे वाचून ज्याला पुढे जावयाचे असेल त्याने खुशाल जावे. पण डोळे उघडे ठेवून जावे.

कौरवांच्या सभेतील द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. शकुनीच्या कपटाविषयी आपण नेहमी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण फासे कपटाचे असले तरी पण किती लावावयाचा, हे तर धर्मराजाच्याच हाती होते. धन गेले, राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला आणि अखेरीस द्रौपदी. प्रत्येक हार त्याला पुढच्या, अधिक मोठ्या पणाकडे नेत गेली. एवढ्या मोठ्या धर्मज्ञाला जे आवरता आले नाही, ते रात्री दोन वाजता मोबाइलसमोर एकटा बसलेल्या आपल्या मुलाला आपोआप आवरेल, अशी आशा करणे व्यर्थ आहे. म्हणून माप आधी ठरवावयाचे असते. दर्यावर निघण्यापूर्वी, किनारा पायाखाली असतानाच. घरातील वडीलधाऱ्यांनी मुलाला 'बाजारात जाऊ नको' असे दरडावण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून एवढेच विचारावे: बाळ, आठ वेळा सलग हरलास तर तुझ्याजवळ काय उरेल? कागद-पेन्सिल घेऊन त्याने हे उत्तर स्वतःच्या हाताने काढले, तर आमचा अग्रलेख त्याने वाचला नाही तरी चालेल.

वारा आपल्या हाती नाही. तो कधीच नव्हता. शिडाची दोरी मात्र आपल्याच हाती आहे.